छातीवरचं पत्रक

इंदूमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी संघटनेच्या ऑफिसात पत्रकांना घड्या घालत बसले होते. फोन रेखाचा. आम्ही दोघी परंदवडीजवळच्या एका कारखान्यात एकाच लाइनवर उभ्या राहून काम केलेल्या. ती म्हणाली, "मावशी गेल्या गं. दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत." मी म्हणाले, "बरं." फोन ठेवला आणि उरलेल्या घड्या घातल्या, कडा नीट जुळवून. त्याला पाच आठवडे झाले. आत अजून काही हलत नाही... रडू नाही, रागसुद्धा नाही. मला राग येत नाही यावर मला ओळखणारं कुणीच विश्वास ठेवणार नाही.

वलवणला त्यांच्या घरी गेले तर जमलेले लोक म्हणत होते, किती छान मरण, मावशींना कसला ताणच नव्हता ना. हे धादांत खोटं आहे. नवरा लवकर गेलेला, गुडघे कामातून गेलेले, मुलीचं शिक्षण एकटीनं केलेलं. लोणावळ्याच्या एका योगकेंद्रात त्यांचं अख्खं आयुष्य सतरंज्या घालण्यात आणि उचलण्यात गेलं. आत पाहुणे आडवे पडून अंग सैल सोडायला शिकायचे, आणि बाहेर व्हरांड्यात फरशी पुसता पुसता मावशी ते ऐकायच्या. ऐकून ऐकूनच शिकल्या. त्यांना ताण नव्हता असं नाही. तो कुठे बसतो हे त्यांना ठाऊक होतं. कुणीही समोर आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "आज कुटं धरलंय?" मग बायका खांदा दाखवायच्या, मान दाखवायच्या, कुणी पोट.

आमच्या कारखान्यात त्या आल्या त्या 'ताणमुक्ती सत्र' घ्यायला. आठ तास उभं ठेवायचं, लघवीला जायचं तर सुपरवायझरची परवानगी, आणि वर ताणमुक्ती! तेही जेवणाच्या अर्ध्या तासातली शेवटची दहा मिनिटं कापून. बायका घास कोंबून कॅन्टीनच्या फरशीवर आडव्या व्हायच्या. मी तेव्हा कंत्राटी कामगार होते आणि संघटनेची पत्रकं लिहायचे. मी लिहिलं: सत्रासाठी जेवणाची वेळ कापली जाते. ताण मनात नसतो, शिफ्टमध्ये असतो. आणखी एक ओळ लिहिली: आपल्याला गुंगीत ठेवायला कंपनीने एक बाई भाड्याने आणली आहे. त्या ओळीचा मला तेव्हा फार अभिमान वाटला होता.

दुसऱ्या दिवशी बायका डोळे मिटून पडल्या असताना मी मधून चालत गेले आणि प्रत्येकीच्या छातीवर एकेक पत्रक ठेवलं. मला वाटलं होतं, डोळे उघडतील, उठतील, गोंधळ होईल. मावशींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. आवाज तसाच, संथ. "कुनी उटू नका. छातीवर कागद ठिवलाय पोरीनं. त्यो वर जातुय, खाली येतुय. निस्तं बगत ऱ्हावा... आतल्या आत." आणि वीस-पंचवीस कागद खरंच वर-खाली व्हायला लागले. इतकं लक्ष मिळालेलं माझं दुसरं पत्रक नाही, आणि ते एकीनेही वाचलेलं नव्हतं. जाताना एक पत्रक मी मावशींच्या हातातही कोंबलं. त्यांनी ते डोळ्यांपासून लांब धरलं. "बारीक अक्षर दिसत न्हाई मला," म्हणाल्या, घडी करून पिशवीत टाकलं आणि गेल्या. मी समजले, वाचता येत नसणार.

आठवड्याभरात सत्र बंद झालं. मी लगेच दुसरं पत्रक काढलं, मथळा 'आपला पहिला विजय'. पुढे माझं कंत्राट संपवलं, ते वेगळं.

मग एका संध्याकाळी घोरावाडी स्टेशनवर बसले होते. संघटनेच्या कामासाठी साहेबांच्या केबिनबाहेर दिवसभर ताटकळून, दात आवळून. पाहते तर पलीकडच्या बाकावर रेखा, आणखी तीन-चार जणी, आणि मधोमध मावशी. बायकांनी बोलावलं म्हणून लोणावळ्याहून लोकलने आठवड्यातून दोनदा यायच्या, फुकट. मला बघून म्हणाल्या, "ये गं पत्रकवाले. आज कुटं धरलंय?" मी म्हटलं, कुठेच नाही. "जबडा," सगळ्या एका सुरात म्हणाल्या आणि हसल्या. मी बसले. वाद घातला, ताण शिफ्टचा आहे, मावशी, माझ्या जबड्याचा नाही. त्या म्हणाल्या, "व्हय की. शिफ्ट त्यांची, त्यास्नी भांड. जबडा तुजा हाय, त्यो घेऊन घरी जा." दोन वर्षं मी त्या बाकावर बसत होते. एकदाच सुरुवात केली, "मावशी, त्या पत्रकात मी..." तर म्हणाल्या, "डोळं मीट. बोलायला लागलीस की आवळलास जबडा." मला बरंच वाटलं. त्यांनी ते वाचलेलं नाही, मग कशाला उकरा... असं मी दोन वर्षं धरून चालले.

परवा त्यांच्या मुलीने, सुनीताताईने, बोलावलं. लोणावळ्यातल्या शाळेत शिकवते ती. मावशींची कापडी पिशवी माझ्यापुढे ठेवली. आत माझी जुनी पत्रकं, मऊ पडलेली. बाकावर बायकांच्या छातीशी धरायला मावशी तीच वापरायच्या. मी म्हटलं, बरं झालं, त्यांना वाचता येत नव्हतं ते. सुनीताताई म्हणाली, "आईला वाचता येत होतं. चष्मा नव्हता जवळ. त्याच संध्याकाळी मला मोठ्याने वाचायला लावलं. त्या भाड्याच्या बाईच्या ओळीपाशी मी थांबले, तर म्हणाली, वाच पुढं." मग? "मग म्हणाली, माजं ऱ्हाऊ दे. जेवणाच्या येळेचं खरं लिवलंय पोरीनं." दुसऱ्या दिवशी मावशी साहेबांकडे गेल्या. दहा मिनिटं कामातली द्या, जेवणातली घेणार असाल तर मी येणार नाही. साहेब म्हणाले, नका येऊ.

म्हणजे विजय असा झाला होता. मी पुन्हा "बरं" म्हणाले.

आता घोरावाडीच्या बाकावर अंग कसं सैल सोडायचं ते बायका मलाच सांगायला लावतात. माझा आवाज घोषणांचा. पायाचा अंगठा सोडा म्हटलं तरी कुणीतरी राजीनामा द्या असं वाटतं. रेखा हसते. नव्या पत्रकात मागणी टाकली आहे: जेवणाची वेळ पूर्ण, आणि आडवं व्हायला दहा मिनिटं, कामाच्या वेळेतून. मागणी मावशींची आहे, हेही त्यात छापलं आहे.

घरी आल्यावर मी फरशीवर पडते. पिशवीतलं ते पहिलं पत्रक छातीवर ठेवते, छापलेली बाजू आत. अंगठा सोडते, घोटा, गुडघा, पोट, खांदा. कुठेच काही सापडत नाही, सगळं बधिर. जबड्यापाशी येऊन थांबते. तिथे ते 'मावशी, त्या पत्रकात मी...' वाक्य आहे, दोन वर्षं अर्धवट राहिलेलं. तोंड उघडते... आणि ऐकायला कुणी नाही. कागद वर जातो, खाली येतो.