सहा ते सातची रेघ

भय्यासाहेब वझलवारांनी जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्यात चौतीस वर्षं इतरांच्या कामातल्या चुका काढल्या. निवृत्तीनंतर या गुणाचा लाभ घ्यायला घरात एकच माणूस उरलं, त्यांची बायको विनताताई.

गेल्या साली विनताताईंच्या हृदयात स्टेंट बसला आणि डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलं. त्या संध्याकाळी सहाला निघत, सातला परत येत. एकेचाळीस वर्षांच्या संसारात घराबाहेर एकटीनं घालवायला मिळालेला हा त्यांचा पहिला तास, आणि तोही आजारपणाच्या कृपेनं. त्याबद्दल त्या कोणाशी बोलत नसत. पावणेसहाला चपला काढून उंबऱ्याशी ठेवत, एवढंच.

हैदराबादहून मुलानं, सुमेधनं, आईसाठी मनगटावरचा पावलं मोजणारा पट्टा पाठवला. बायकोची तब्येत फोनच्या चिमुकल्या पडद्यावर बघणं भय्यासाहेबांना पटेना. त्यांनी रिछाईच्या कारखान्यांच्या वसाहतीतून एका बाजूनं आरसा, दुसऱ्या बाजूनं आरपार अशी काच कापून आणली, मागे जुना मॉनिटर आणि पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक बसवला, भोवती सागाची चौकट ठोकली. दोन महिने व्हिडिओ बघून आरसा उभा राहिला. केस विंचरणाऱ्याला आता कपाळाच्या वर तापमान, तिथी आणि विनताताईंची पावलं दिसू लागली.

पावलं मात्र जुळेनात. तासभर चालून आलेल्या बाईचा दिवसभराचा आकडा अकराशे चाळीस.

भय्यासाहेबांनी बायकोवर संशय घेतला नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. माप चुकलं की आधी मोजणारं यंत्र तपासायचं, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. आरशाचं घड्याळ परदेशी वेळेवर होतं, त्यामुळे त्याचा दिवस पहाटे साडेपाचला उजाडे, ते सुधारलं. आरसा तासातासानं आकडे मागवी, ते पाच मिनिटांवर आणलं. पट्टा एक भोक घट्ट केला. आकडा हलला नाही. विनताताई म्हणत, राहू द्या, मशीनच बिघडलं असेल. असं त्या तीनदा म्हणाल्या. भय्यासाहेबांना त्यातून हुरूप आला.

शेवटी एका रविवारी त्यांनी मला, शेजाऱ्याला, मोजायला बसवलं. ते स्वतः पट्टा बांधून अंगणात हजार पावलं चालले; मी दर शंभराला खडूची रेघ ओढली. आरशात आले नऊशे शहाण्णव. हजारात चारचा फरक कारखान्यातही पास झाला असता. सुमेधला फोन लावला. त्याला मराठी समजते. बोलायची वेळ आली की हिंदी येते.

"पापा, मशीन तो ठीक है," तो म्हणाला. "आप मम्मी से पूछ लो ना."

भय्यासाहेबांनी लगेच विचारलं नाही. आधी आरशात तासवार आलेख जोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी विनताताई वेणी घालायला उभ्या राहिल्या तेव्हा काचेत, बरोबर त्यांच्या गळ्याशी, कालच्या सहा ते सातची जवळजवळ सपाट रेघ होती. पुढचं बोलणं मला भय्यासाहेबांनीच सांगितलं, तक्रार म्हणून.

"जाते कुठं तू?"

"पाण्याच्या टाकीपाशी. बाक आहे तिथं."

"अन् करते काय?"

"बसून राहते."

"कोण असते सोबत?"

"कोणी नाही."

"मग काहून बसते?"

विनताताईंनी कंगवा खाली ठेवला. "तिथं मला असं कोणी विचारत नाही, अहो."

ते रागावले नाहीत. घाबरले. ही रोज तिथं जिवाशी खेळून राहिली होती अन् मी इथं वायरी तपासून राहिलो होतो, हे मला सांगताना त्यांचे डोळे भरून आले. प्रेम होतं, यात शंका नाही. म्हणूनच उपाय त्याच संध्याकाळी निघाला. घरच्याच अंगणात फाटकापासून मोरीपर्यंत सव्वीस पावलं, दोनशे तीस फेऱ्यांची पाच हजार नऊशे ऐंशी. सहा हजारांतली वरची वीस त्यांनी मोठ्या मनानं सोडली. आरसा व्हरांड्यात टांगला. सहा ते सात विनताताई चालतात, भय्यासाहेब खुर्चीत बसून रेघ चढताना बघतात. तास पुरला नाही की वेळ वाढते. मी फाटकावरून जाताना पूर्वी विनताताई दोन शब्द बोलायच्या. आता मान हलवतात, म्हणजे मोजणं चुकत नाही.

तीन महिन्यांनी ते डॉक्टरांकडे गेले. वजन चार किलो उतरलं होतं, रक्तदाब नेमका. भय्यासाहेबांनी आलेखांच्या छापील प्रती पुढे ठेवल्या आणि डॉक्टरांनी दोघांचं मनापासून कौतुक केलं. उठता उठता विनताताईंनी विचारलं, "डॉक्टर साब, परचे पे लिख देंगे क्या, कि बाहर चलना है?"

"चलना तो चलना है, माताजी," डॉक्टर हसून म्हणाले. "घर में तो और अच्छा, न धूल, न गाड़ी." आणि त्यांनी पुढच्या रुग्णासाठी घंटी वाजवली.

परतताना दोघं रिक्षात बसले. पावसाळ्यात खंड पडायला नको म्हणून अंगणावर पत्रे टाकून घ्यायचे, असं भय्यासाहेबांनी घर येईपर्यंत ठरवून टाकलं.