आधी बाईला जाऊ द्या

"तुम्हाला वाचता तरी येतं का, आजी? वाचा बघू."

असं म्हणून त्यांनी तो कागद माझ्या नाकापुढे धरला. माझ्याच लेकाच्या घरात. मी रांधलेलं जेवून तोंड पुसता पुसता.

ते म्हणजे लेकाचे साहेब. पुण्याचे मोठे डॉक्टर, वीस वर्षं आयर्लंडमध्ये. त्यांच्या सहीवर माझ्या लेकाचं पुढल्या वर्षाचं हॉस्पिटलातलं काम ठरतं. आणि मी इथं राहते ती लेकाच्या कागदांवर. आता समजलं ना, कोण कुणाच्या मुठीत ते?

कागद लेकाच्या वॉर्डातल्या आयरिश सिस्टरनं दिला होता. दूरदेशी चाललेल्या लढाईत दवाखान्यांवर बॉम्बगोळे टाकतात, औषधाच्या गाड्या अडवतात, त्याचा निषेध म्हणून बुधवारी दुपारी हॉस्पिटलच्या गेटबाहेर अर्धा तास उभं राहायचं. गप्प. प्रत्येकाच्या हातात मारल्या गेलेल्या एकेकाचं नाव. आमच्या कागदावर एका दाईचं नाव होतं. वेढा पडलेल्या गावात बाळंतपण करताना गेली. लेक जाणार नव्हताच. मी तो कागद फ्रिजला लावून ठेवला, कारण मीही दाईच. साहेबांनी नेमका पाहिला.

"हे काय रे?"

लेकाचा चेहरा उतरला. मीच बोलले, "तो माझा आहे. मी जाणार आहे."

"अहो आजी, आपण इथे पाहुणे. आणि दवाखान्यात अतिरेकी लपतात, मग सैन्यानं करायचं काय?"

"पडलेल्याला काहून विचारायचं, तू कोणाचा म्हणून?"

"काहून!" त्यांची बायको टाळी वाजवून हसली. "किती गोड बोलतात ना!"

मग साहेबांचं ते "वाचा बघू". लेक ताटात बघत राहिला.

हे शब्द मी आधी ऐकले होते, बरं का. गडचिरोलीच्या जंगलात. आमच्याकडे दोन्हीकडून बंदुका. जंगलातले म्हणायचे, सरकारी गाडीत बसलीस तर याद राख. नाक्यावरचे जवान म्हणायचे, जंगलात कुणाला पट्टी बांधतेस? ताप आला तरी माणूस आधी भ्यायचा, मग कण्हायचा.

एकदा गावातल्या अडलेल्या मैनीला घेऊन बैलगाडीनं दवाखान्याकडे निघाले होते. मूल आडवं. अंगावरून रक्त जात होतं. नाक्यावर माझी पेटी उपडी केली. धागा, ब्लेड, कापूस, गोळ्या, सगळं मातीत.

"एवढा कापूस एका बाईला? आत कुणाला पोचवतेस?"

"बाळंतीण आहे साहेब, गाडीत बघा ना."

"म्हणे दाई! वाचता येतं का तुला? वाच बघू ही पाकिटं."

आता जे सांगते ते आजवर कुणाला सांगितलं नाही. मला वाचता येत होतं. शाळेत गेले नाही, पण औषधाच्या पाकिटांवरून अक्षरं शिकले होते, इंग्रजीसुद्धा. आणि मला वाटलं, दाखवूच याला. मातीत बसून एकेक पाकीट उचललं आणि वाचलं. ठसक्यात. चुकले तिथं पुन्हा वाचलं. जवान हसले, एक म्हणाला "शाबास". मला बरं वाटलं. होय, बरं वाटलं. गाडीत मैनी रक्तात भिजत होती आणि मी शाबासकी घेत होते.

नाक्यापुढच्या वळणावर मैनी गेली. पोटातलंही गेलं.

अडवलं त्यांनी. पण तेवढा वेळ मीही दिला.

तर इथं लेकाचे साहेब कागद धरून उभे. नाव मी केव्हाच वाचलं होतं. मोठ्यानं वाचायला क्षण लागला असता. सगळे म्हणाले असते, वा आजी!

मी कागद त्यांच्या हातातून घेतला. घडी घातली. पोलक्यात ठेवला.

"वाचणार नाही," म्हटलं. "आधी बाईला जाऊ द्या."

"कुठली बाई?" साहेब लेकाकडे बघायला लागले. लेकालाही कळलं नाही. मैनी त्याला कुठली माहीत?

पाहुणे गेल्यावर तो माझ्यासमोर बसला. रागावला नाही, हेच वाईट. हळू म्हणाला, "आई, त्यांनी सही नाही केली तर? तुझा व्हिसापण माझ्याच नावावर आहे गं."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय. परत पाठवतील. तिकडे नाका आहेच ओळखीचा."

त्यानं डोकं हातात धरलं. मी त्याच्या केसांवरून हात फिरवला, पण जात नाही असं म्हटलं नाही.

उद्या बुधवार. गेट इथून चालत वीस मिनिटं. रस्त्यात कुणी अडवायला नाही, अडवलं तर हा पोटचा पोरगाच दारात उभा राहील. त्याला मी बाजूला करीन. हळू हातानं करीन, पण करीन. आणि तिथं कुणी विचारलं, कागदावर काय आहे, तरी वाचून दाखवणार नाही. नुसती धरून उभी राहीन. मागच्या कोऱ्या बाजूला मी मैनीचं नाव लिहिलंय.