बेनिताचं नाक

मेक्सिकोतल्या पाराचो गावात गल्लोगल्ली गिटारी करणारी घरं. पण लाकूड जोडायचा सरस शिजवावा तर एर्कुलानो आमेस्कुआनं, असं जुने कारागीर म्हणत. गुरांच्या कातड्याचे तुकडे चुन्याच्या पाण्यात भिजवायचे, धुवायचे आणि मंद आचेवर तास न् तास शिजवायचे. सरस जमला की नासला, हे त्याला वासावरून कळे. त्याच्या बायकोला, बेनिताला, नेमका तोच वास सोसत नसे. जेवायला हाक मारायची तीही दाराबाहेरूनच. कामाच्या खोलीत तिनं उभ्या जन्मात पाऊल ठेवलं नव्हतं.

साठी उलटल्यावर एर्कुलानो तापानं पडला. ताप उतरला, पण नाक कामातून गेलं. कॉफी आणि गरम पाणी त्याला सारखंच. ही गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नाही.

पावसाळ्यात भांड्यातला सरस कुजला, त्याला पत्ताही लागला नाही. त्याच सरसानं जोडलेली गिटार शेजारच्या आरांसा गावी एका लग्नात गेली आणि नाच ऐन रंगात असताना तिच्या तारा पेलणारी घोडी तारांसकट उखडली. वाजवणाऱ्याचा गाल फाटला. गिटार परत आली तेव्हा एर्कुलानोनं लाकडाला बोल लावला. बेनितानं ती उचलून सांध्याशी नाक नेलं.

"लाकूड नाही, सरस कुजलाय. म्हाताऱ्या, तुला वास येत नाही ना?"

"मार्चपासून," तो म्हणाला.

"आणि परवा मक्याची आतोले करपली, ती 'छान झालीय' म्हणून प्यायलास."

"मला छानच लागली."

शेजाऱ्यानं बाटलीतला पांढरा गोंद सुचवला. एर्कुलानो नको म्हणाला. सरसाचा सांधा ऊब आणि ओल दिली की सुटतो. उद्या कुणाला दुरुस्ती करायची झाली तर गिटार न फोडता उघडता आली पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी बेनिता शालीचा पदर डोक्यावर घट्ट ओढून कामाच्या खोलीत शिरली. पहिले काही दिवस ती भांड्यावर वाकायची आणि परसात जाऊन ओकायची. तो सरस ढवळायचा, ती वास घ्यायची. "चालेल" किंवा "फेक", एवढंच बोलायची. त्यानं एकदाही वाद घातला नाही. गिटारींच्या घोड्या पुन्हा उखडल्या नाहीत.

एर्कुलानो गेल्यावर गल्लीतले दोन कारागीर आपापली भांडी घेऊन तिच्याकडे येऊ लागले. ती नाक मुरडते, पण वास घेते. बाजाराच्या दिवशी मात्र येऊ नका, त्या दिवशी नाकाला सुट्टी, असं तिनं बजावून ठेवलंय.