यंत्राला मोघम कळत नाही

कॉम्प्युटर नगर जिल्ह्यात यायच्या कितीतरी आधी त्याचा सगळा त्रास आमच्या हॉस्टेलच्या खोलीत मुक्कामाला आला होता. हा त्रास म्हणजे माझा रूम पार्टनर, श्रीगोंद्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. सत्तरनंतरची ती पहिली वर्षं. आमच्या कॉलेजात गणिताच्या सरांनी प्रोग्रामिंगचा वर्ग काढला. वर्ग नगरला आणि यंत्र पुण्यात, म्हणजे पोहणं फळ्यावर शिकवण्यातला प्रकार. बाकीची पोरं पंधरवड्यात पांगली. यानं मात्र यंत्र नाही तर आपणच यंत्र व्हायचं ठरवलं.

"यंत्राला मोघम कळत नाही," हे त्याचं पालुपद. मग त्यालाही कळेनासं झालं. एकदा आंघोळीला जाताना मी म्हणालो, "दुधाकडं लक्ष ठेव." परत आलो तर दूध फरशीवर, आणि हा शांतपणे बघत बसलेला. "लक्ष ठेवलं की. शेवटपर्यंत ठेवलं. स्टोव्ह बंद कर असं कुठं म्हणालास?" कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्या चाचांना यानं सांगून ठेवलं, मी पुरे म्हणेपर्यंत चहा आणत राहा, आणि स्वतः विचारात बुडाला. शेवटी चाचाच माझ्याकडं आले. "याला घेऊन जा बाबा, माझे कप संपले." मी कपाळावर हात मारून घेतला. त्या काळात माझा हात कपाळावरून फारसा खाली आलाच नाही.

वडिलांना तो साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर हवा होता. पण पुण्याच्या एका संस्थेनं त्याला सांगितलं होतं, सोमवारी तुझा प्रोग्राम आमच्या यंत्रावर चालला तर नोकरी पक्की. प्रोग्राम म्हणजे भोकं पाडलेल्या जाड कार्डांचा गठ्ठा. ती भोकंच यंत्र वाचतं. नेमकी त्याच दिवशी त्याची परीक्षा. म्हणून त्यानं गठ्ठा रोजच्या डब्याच्या पिशवीत घातला आणि पुण्याच्या एसटीत कंडक्टरच्या हाती दिला. पुण्याच्या स्टँडवर मावसभाऊ उभा राहणार होता. "नीट पोचवा," एवढंच म्हणाला आणि परीक्षेला पळाला.

त्या दिवशी पुण्याच्या गाडीवर होता तो कंडक्टर एरवी श्रीगोंद्याच्या गाडीवर असे. गावाहून आईनं दिलेला डबा तोच आणायचा आणि रिकामी पिशवी तोच परत न्यायचा. त्याला वाटलं, घाईत पोरानं पिशवी चुकीच्या गाडीत दिली. भल्या माणसानं पिशवी श्रीगोंद्याच्या गाडीत चढवली.

मंगळवारी पिशवी डब्याबरोबर परत आली. कंडक्टर म्हणाला, "आईनं सांगितलंय, उंदरांनी लई कुरतडलं हुतं, समदं बुजवलंय." आईनं जुन्या कॅलेंडरचे कपटे कापून, पिठाच्या खळीनं एकूण एक भोक बुजवलं होतं. मी चिडून कंडक्टरला बोलणार, तेवढ्यात यानं माझा दंड धरला. "कुठं पोचवायचं ते मीच सांगितलं नव्हतं."

पुण्याची नोकरी दुसऱ्याला गेली. रविवारी मी त्याच्याबरोबर गावी गेलो. वडिलांनी काट्यावरचं बोलणं पक्कं करून ठेवलं होतं. आई भाकरी थापत होती. "झालं का रं तुझं पुण्याचं काम? मी नीट चिटकवलं हुतं का?"

मला वाटलं, आता हा तिलाही यंत्राचं शास्त्र सांगणार. तो ताटाकडं बघत म्हणाला, "झालं की."

 तीन वर्षं मी त्याच्यावर चिडत आलो होतो. त्या दिवशी मला ते जमलं नाही.