अमेरिकेवर भांडणारा मेकॅनिक

गिरीज गावच्या नाक्यावरचा स्कूटर मेकॅनिक अमेरिकेच्या राजकारणावरून माझ्याशी भांडतो. तिथल्या बँकांना वेसण हवी, असं तो म्हणतो. सरकारने धंद्यात लुडबुड करू नये, असं मी. "तुमचा पक्ष गोऱ्यांचा!" पाना नाचवत तो ओरडतो, जणू आम्ही तिथलेच मतदार. हरेल त्याने चहा सांगायचा, असं ठरलंय. आजवर कुणीच सांगितलेला नाही.

परवा एक आफ्रिकन माणूस पंक्चर गाडी ढकलत आला. बाकावर माझ्याशेजारी जागा होती. नकळत मी तिथे पिशवी ठेवली. मेकॅनिकने ती उचलून माझ्या स्कूटरला अडकवली.

"बैठो भाई," तो त्याला म्हणाला. मग माझ्याकडे वळला, "हां, अमेरिकेत वर्णभेद उरलाय कुठे, असं म्हणत होतात ना?"

मी सरकून बसलो आणि तीन चहा सांगितले.