हगाम्यातली माझी जागा

मुलाची गाडी पारनेरच्या रस्त्याला लागायच्या आधी शांता, हिरा आणि कौसा दारात येऊन उभ्या राहिल्या. मी पुण्याला कायमची चालले होते. गुडघे गेले, एकटीनं राहणं होईना, एवढंच कारण. कोणी रडलं नाही. कौसा म्हणाली, "यात्रंच्या दिवशी फोन उचल. न्हाई उचलला तर तुजी जागा शांताच्या सुनंला दिऊ."

जागा कसली ते सांगते. आमच्या यात्रेत कुस्त्यांचा हगामा भरतो. बायका आखाड्याजवळ जात नाहीत. आम्ही चौघी लांब शाळेच्या ओट्यावर बसायचो आणि मोठ्या कुस्त्या लागायच्या आधी एकेक पैलवान आपला म्हणून घ्यायचो. त्या पैलवानांना याचा पत्ता नसायचा. जिचा पैलवान सगळ्यात आधी चीत झाला, तिनं पुढच्या वर्षी पहिलं नाव घ्यायचं. तिनं घेतल्याशिवाय बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. मी गाव सोडलं त्या वर्षी माझाच आधी पडला होता.

पुण्यात संध्याकाळी मुलगा आणि सून टीव्हीवर एक विनोदी मालिका बघतात. पाच मित्र मोबाईलवर क्रिकेटच्या खेळाडूंचे आपापले संघ करतात. खेळतात दुसरेच, भांडतात हे. सून मला समजावायला लागली. मी म्हटलं, कळतंय मला, आमच्यात हे मोबाईल नव्हते तेव्हापासून आहे. तिला खरं वाटलं नाही.

यात्रेच्या आदल्या दिवशीच्या भागात एक मित्र नोकरीसाठी परदेशी गेला. निवडीच्या वेळी त्याचा फोन लागेना. बाकीच्यांनी थोडी वाट पाहिली आणि ऑफिसातल्या नव्या माणसाला त्याच्या खुर्चीत बसवलं. घरात सगळे हसले. मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून मोबाईल मांडीवर. ऊन उतरलं की मोठ्या कुस्त्या लागतात. ऊन उतरलं. मुलगा म्हणाला, तूच लाव की. मी लावला नाही. मागून घेतलेली जागा मला नको होती. शांताची सून ओट्यावर पाय सोडून बसलेली मला दिसत होती. तिच्यावर राग काढावा तर बाई चांगली आहे.

फोन आला तेव्हा मागे हलगी कडाडत होती. गर्दीनं रेंज गेली होती म्हणे. बारक्या पोरांच्या कुस्त्या उरकल्या तरी तिघी नाव न घेता बसून होत्या.

"बोल लवकर," कौसा म्हणाली. "आमी तोंड शिवून बसलोय."

आणि मला नावच येईना. यंदा तालमीत कोण उतरलं, कोणाचा खांदा भरला, कोण लग्न होऊन ढिला पडला, काही माहीत नव्हतं. मी माझ्या जुन्याच पैलवानाचं नाव घेतलं.

"त्यो पोलिसात लागला. दुसरं बोल."

"तुमी घ्या. उरंल त्यो माजा."

कौसानं ते दोघींना सांगितलं. मग म्हणाली, "आसं कदी झालं न्हाई गं."

"आता झालं."

उरला तो श्रीगोंद्याकडचा कुणी पोरगा. मी त्याला अजून पाहिलेलं नाही.

इथं सोसायटीत मी असले काय, नसले काय, कोणाचं अडत नाही. तिकडं तीन बायका माझ्यासाठी अडून बसल्या. माझं गाव आता एवढंच, आणि तेही नुसत्या फोनवर टिकायचं नाही. मुलाला सांगून ठेवलंय, पुढच्या यात्रेला मला महिनाभर आधी नेऊन सोड. तालमीतली पोरं बघायची आहेत.