जूचंद्रचं मीठ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आईलाही नाही, आणि आई तर ते मीठ वर्षभर लोणच्याला वापरत होती. तुम्हाला का सांगतेय, तेही मला धड माहीत नाही.

विषय ऐकून हसाल. नाकावरचे काळे ठिपके. ब्लॅकहेड्स म्हणतात ते — आणि हनुवटीवर, कपाळावर येतात ते पांढरे बारीक दाणे. सतराव्या वर्षी माझं तोंड त्यांनी भरलं होतं. आम्ही दादरची खोली विकून वसई रोडला फ्लॅट घेतला होता. नवं कॉलेज, नव्या मुली, आणि मी आरशासमोर नखांनी नाक दाबत बसलेली. तुम्हीही कधीतरी केलंच असेल की.

हेमलता माझ्या बाकावर बसायची. जवळच्या जूचंद्र गावची, मिठागरवाल्यांच्या घरातली. तिच्या घरात बारावीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. तिला नर्स व्हायचं होतं, आणि ती झाली असती — वर्गात तिच्याइतकं जीवशास्त्र कुणालाच येत नव्हतं. मला तर नाहीच. माझ्या जर्नलमधल्या अर्ध्या आकृत्या तिनेच काढलेल्या. ती ‘पानी’ म्हणायची आणि मागच्या बाकावरच्या मुली हसायच्या. मी हसायचे नाही. पण त्यांना कधी गप्पही केलं नाही.

एकदा डबा खाताना ती माझ्याकडे बघून म्हणाली, “आपली दोघींची नाकं सारकीच गो.” तिच्याही नाकावर ठिपके होते, माझ्याहून कमी. प्रेमाने म्हणाली ती. मला मात्र ते लागलं. का लागावं? मी फ्लॅटमधली, ती मिठागरातली, आणि ती मला आपल्यासारखी म्हणाली — म्हणून लागलं. दुसरं काही कारण असतं तर आज सांगितलं असतं.

दिवाळीच्या सुट्टीत बाबांनी मला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. म्हातारे, शांत गृहस्थ होते. त्यांनी कागदावर एक छिद्र काढून दाखवलं. आत तेल साचतं. छिद्राचं तोंड बंद राहिलं की पांढरा दाणा, उघडं राहिलं की हवा लागून तेच तेल काळं पडतं. “हा मळ नाही, बेटा,” ते म्हणाले. “घासून जात नाही. घासशील तर कातडी जाईल.” दिवसातून दोनदा साध्या साबणाने तोंड धुवायचं, केसांचं तेल कपाळावर उतरू द्यायचं नाही, नख लावायचं नाही. झोपताना मलम, हरभऱ्याच्या डाळीएवढं. तीन महिने धीर धरायचा. मला सगळं अगदी नीट समजलं होतं — हे मुद्दाम सांगतेय.

सुट्टीनंतर हेमलताने विचारलं, “काय सांगलं गो डॉक्टरनी?”

मी म्हटलं, “मळ असतो तो. जाड्या मिठाने घासायचं. रोज.”

मीठच का सुचलं मला? तिच्या घरी ढिगाने होतं म्हणून. मनात आलं आणि तोंडातून गेलं, वाक्य पुरं व्हायच्या आत. पण पुढचे तीन महिने तर माझ्या हातात होते ना? रोज ती शेजारी बसायची. रोज मला ‘अगं, खोटं सांगितलं मी’ म्हणता आलं असतं.

दोन दिवसांनी तिने मला पिशवी आणून दिली — त्यांच्या मिठागरातलं जाडं, करडं मीठ, पाच किलो तरी असेल. “मल काडायला आमचंच मीठ बरं,” म्हणाली. “तू पन घास.” मी ती पिशवी घरी आणली आणि आईला दिली.

“घासतेस ना?” ती विचारायची. “घासते,” मी म्हणायचे.

आता खरं ते ऐका. माझं तोंड साफ होत गेलं. मलमाने. आणि ते बघून ती आणखी जोरात घासायला लागली. तिला वाटलं, हिला गुण येतोय आणि आपलाच हात कमी पडतोय. नाक लाल झालं, मग गाल सोलवटले. “पानी लागलं तरी झोंबतं,” म्हणाली एकदा. मी वहीत बघत राहिले. थांब, एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द.

जानेवारीत दोन्ही गालांवर पू झाला. ती कॉलेजला यायची बंद झाली. असं तोंड घेऊन कशी येऊ, असा निरोप आला. प्रॅक्टिकल बुडालं. परीक्षेला ती बसलीच नाही, आणि वडील म्हणाले, पुरे झालं शिक्षण. ती वालीवला एका कारखान्यात पॅकिंगला लागली. मी एकदाही जूचंद्रला गेले नाही. पुढच्याच स्टेशनाच्या, नायगावच्या पलीकडे तर होतं.

मग बरीच वर्षं गेली. मी पदवीधर झाले, बँकेत लागले, लग्न झालं. आणि एके दिवशी स्टेशनजवळच्या औषधाच्या दुकानापाशी तिनेच मला हाक मारली. मी ओळखलं ते गालांवरच्या खड्ड्यांमुळे. बरोबर तिची मुलगी, बारा वर्षांची, चुणचुणीत. तिच्या नाकावर तेच ठिपके.

हेमलताने माझा हात धरला, सोडेचना. मुलीला म्हणाली, “हीच ती माजी मैत्रीन.” मग मला म्हणाली, “हिला सांगते, मिठानी घास, पन हलक्या हातानी. मी येड्यावानी जोरात घासलं गो. माजीच चूक.”

इतकी वर्षं ती असं समजत होती.

मी सांगितलं. मळ नसतो, मीठ अजिबात लावू नको, हिला डॉक्टरांना दाखव. एका डॉक्टरांचं नाव आणि पत्ता लिहून दिला. ते म्हातारे डॉक्टर अजून तिथेच बसत होते, पण मी त्यांचं नाव दिलं नाही. ते बोलता बोलता ‘आम्ही तर पहिल्यापासून हेच सांगतो’ म्हणाले असते — म्हणून दुसऱ्यांचं दिलं.

तिने चिठ्ठी नीट घडी करून पाकिटात ठेवली. मुलीच्या नाकावरून बोट फिरवलं.

“तवा अशी औषदं नव्हती ना गो?” ती म्हणाली.

“नव्हती,” मी म्हणाले.